उघड्या इंजिनाची दाढी

मिस्त्रींची दाढी वाढलेली दिसली की आमच्या सक्करदऱ्यातले लोक समजून जायचे, कुठंतरी कोणाचं तरी इंजिन उघडं पडलंय. इंजिन खोलायला घेतलं त्या दिवसापासून ते पुन्हा बांधून होईपर्यंत हा माणूस गालाला वस्तरा लावू द्यायचा नाही. मिस्त्री लोक इंजिन जोडण्याला बांधणं म्हणतात. ते बांधून, चालू करून, मागचा धूर बघून झाला की हे सायकल घेऊन थेट न्हाव्याकडे. न्हावीसुद्धा खुर्ची झटकता झटकता विचारायचा, "बांधलं का?" स्कूटरचं काम असलं तर दाढी चार दिवसांची, जीपचं असलं तर तीन आठवड्यांची. माझ्या गाडीच्या वेळी ती गळ्याखाली उतरली होती आणि चौकातल्या पानठेल्यावर माझ्या नावाने ओळखली जायची. मी भाजी आणायला गेले की कोणीतरी विचारायचंच, "काय मॅडम, दाढी कुठवर आली?"

गाडी माझ्या मामाची. काळी, गोलमटोल, चारचौघांत उठून दिसणारी. मामाने मला तिच्यावर गाडी शिकवली तेव्हा आमच्या अख्ख्या नात्यात स्टेअरिंग धरणारी मी पहिली पोरगी. मरणाआधी काही दिवस मामाने ती माझ्याकडे आणून ठेवली आणि अंगणातल्या टिनाच्या शेडखाली ती एकोणीस वर्षं उभी राहिली. आमचे हे दर उन्हाळ्यात म्हणायचे, "ही भंगारात दे, तिथे मस्त कोंबड्या पाळू." मी दर उन्हाळ्यात भांडायचे. शेवटी शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं, बस झालं, आता ही चालू करायचीच. जरीपटक्यात सुट्या भागांच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, "दाढीवाले मिस्त्री राहतात ना तुमच्याच बाजूले. काम एक नंबर. पन डोक्यानं थोडे सटकेल आहेत, आधीच सांगून ठेवतो."

घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाचा पत्ता मला शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. त्याच संध्याकाळी गेले. सत्तरीचा, सडपातळ, खांद्यावर दुपट्टा. त्या दिवशी दाढी गुळगुळीत होती, म्हणजे हाताशी काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले. मला वाटलं आता बॉनेट उघडतील. छे. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "बंद पडली का बंद केली?"

"म्हणजे?"

"चालता चालता पडली, का मालकानं आपल्या हातानं बंद करून ठेवली?"

मी सांगितलं, मामाने स्वतः आणून लावली, बॅटरीची तार काढली आणि वरून चादर टाकली.

"मग चालन," ते म्हणाले. "हे बिमार नाही, रुसेल आहे." एवढं बोलून सायकलवर टांग टाकली. बॉनेटला हातही लावला नव्हता. आमचे हे म्हणाले, "झालं. मिळाला तुला तुझ्यासारखाच."

माझा स्वभाव इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं पटणार नाही. मी गणिताची मास्तरीण. बोर्डाचे पेपर तपासायला बसले की गठ्ठा संपल्याशिवाय जेवायला उठायची नाही. फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत उभं राहायचं माझ्या जिवावर येतं. आणि मला भेटला हा माणूस, जो एका नटाला तीन दिवस देत होता.

त्यांची पद्धतच न्यारी. सगळे लोक इंजिनाचं काम झाल्यावर हात धुतात. हे आधी धुवायचे आणि मलाही धुवायला लावायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. जमिनीवर एक जुनं सुती लुगडं अंथरायचे. इंजिनातून निघालेला प्रत्येक भाग त्या लुगड्यावर जसा इंजिनात होता तसाच, त्याच जागी मांडायचा. पुढचा पुढे, मागचा मागे, डावा डावीकडे. पंधरा दिवसांत लुगड्यावर अर्धं इंजिन चपटं होऊन निजलं. ते लुगडं ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. आमच्या ह्यांनी एकदा पेपर आणायला जाताना ओलांडलं तर मिस्त्रींनी त्यांना परत बोलावून उलटं ओलांडायला लावलं. साठीचा माणूस, चार वर्षं साहेब म्हणून मिरवलेला, मुकाट्याने मागे गेला. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले.

मोबाइल ते जेवणाच्या डब्यात ठेवायचे. पोळीच्या खाली. वाजला तर डबा थरथरायचा, पण उघडायचा तो जेवायच्या वेळेलाच. एखादा नट हटून बसला की त्याच्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे, हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करायचे आणि उठायचे. "आज नाही म्हने. उद्या इचारू."

"अहो मिस्त्री, जोर लावा ना जरा."

"लोखंड काही सून नाही बाई, टोमने मारून कामाले लागाले."

तर असं चाललं होतं. एकेक करत सगळे नट निघाले आणि अडलं ते हेड. म्हणजे इंजिनाचं झाकण. बिडाचं, जड, एकोणीस वर्षं गंजून खालच्या ब्लॉकला चिकटलेलं. ते निघाल्याशिवाय पिस्टन दिसत नाहीत आणि पिस्टन दिसल्याशिवाय पुढे काही होत नाही. रोज सकाळी मिस्त्री यायचे, फटीतून तेल सोडायचे, चारही बाजूंनी लाकडाने ठोकायचे, बशीतून चहा प्यायचे आणि जायचे. एक महिना. दुसरा महिना. दाढी पांढरी फेक वाढत चालली आणि मी आतल्या आत उकळत होते.

अशात एका दुपारी त्यांची मुलगी आली. उमरेडला दिलेली, एकुलती एक. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, बाबांनी तुम्हाले सांगितलं का?"

"काय?"

"त्यांच्या छातीतल्या तीन नळ्या बंद आहेत. डॉक्टरनं महिन्याभरात ऑपरेशन कराले सांगितलं, छाती उघडून. बाबा म्हनतात, आधी काकूचं इंजिन बांधतो, मग जातो. मी पाया पडली त्यांच्या. ऐकूनच नाही राहिले." आणि ती माझ्या सोफ्यावर बसून रडायला लागली.

म्हणजे हा माणूस रोज माझ्या शेडखाली वाकून बसत होता, ठोकत होता, आणि आत त्याचं हृदय अर्ध्या रक्तावर चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हातच धुऊ दिले नाहीत.

"मिस्त्री, गाडी गेली खड्ड्यात. तुम्ही दवाखान्यात भरती व्हा."

"होतो ना. हे बांधलं का होतो."

"इंजिन कुठं पळून जाणार आहे?"

तेव्हा ते खोक्यावर बसले आणि पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बोलले. बावीस वर्षांचे असताना सदरमध्ये एका गॅरेजात होते. एका टॅक्सीवाल्याचं इंजिन खोललं आणि बहिणीच्या लग्नाला गावी गेले. परत आले तर गॅरेजवाल्याचं जागेवरून भांडण झालेलं, सामान रस्त्यावर फेकलेलं, आणि ते इंजिन तीन पोत्यांत भरलेलं. अर्धे भाग गहाळ. ते कधीच बांधलं गेलं नाही. टॅक्सीवाला रोज यायचा, पोत्यांकडे पाहायचा आणि जायचा.

"शिव्या नाही देल्ल्या त्यानं, बाई. देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. मंग एक दिवस मले तो सायकल रिक्षा ओढताना दिसला. माझ्याकडं पाहून हसला." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तवापासून कोनाचं उघडं टाकून कुठं गेलो नाही. अन् ऑपरेशनमधून परत येतोच असं कोन लिहून देते?"

पण गणित मला येतं. डॉक्टरने दिला महिना. त्यातले नऊ दिवस गेलेले. हेड निघालं असतं तर बाकीचं काम पंधरा दिवसांचं. म्हणजे सगळं त्या एका हेडवर अडलेलं. त्या दिवशी मिस्त्री गेल्यावर मी शेडमध्ये गेले, जाड छिन्नी हेड आणि ब्लॉकच्या फटीत घातली आणि मोठ्या हातोडीने घाव घातला. एक, दोन, तीन. तिसऱ्याला हेड उचललं गेलं. आणि त्याच वेळी कडकन आवाज आला, भाजताना पापड मोडतो तसा. हेडच्या कडेपासून आतपर्यंत बोटभर चीर गेली होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. असलं हेड आता कुठंच मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. हेड गेलं म्हणजे इंजिन गेलं, इंजिन गेलं म्हणजे दाढी तशीच, आणि मिस्त्री... आमचे हे बाहेर आले, पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच एकही टोमणा न मारता आत गेले. ते मला जास्त लागलं.

सकाळी मिस्त्री आले. मी आधीच बोलून टाकलं. "मी फोडलं. तुम्ही लवकर मोकळे व्हावे म्हणून केलं. मला जे बोलायचं ते बोला."

त्यांनी हात धुतले. हेडवर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी घासली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं आणि पांढऱ्या खडूवर एक काळी रेघ उमटली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्यांनी ती बोटाने मोजली.

"निघालं तर खरं," ते म्हणाले.

"मिस्त्री, थट्टा नका करू."

"थट्टा नाही करून राहिलो. चीर पान्याच्या खोलीत गेली, थंड कराचं पानी फिरते तिथं; जाळाच्या खोलीत नाही. हे शिवता येते." आणि मग, तोवर मला कायम 'तुमी' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "काहून रडून राहिली वं? माझा बाप माग चालवे. एका पातळाले रोज दहा-वीस धागे तुटत. त्यानं धागा तुटला म्हनून माग जाळला नाही कधी. बसे अन् सांधे."

बिडाला वेल्डिंग फार मानवत नाही, तापवलं की चीर आणखी पळते. म्हणून न तापवताच रफू करायचं. चीर जिथं संपते तिथं आधी एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. त्या भोकाला आटे पाडायचे, तांब्याचा स्क्रू पिळून बसवायचा आणि वरचं कापून टाकायचं. पुढचं भोक अर्धं बिडात आणि अर्धं त्या तांब्यात. असं एकात एक अडकवत चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. बोटभर चिरेला बावीस टाके. मिस्त्रींनी दोन घातले आणि तिसऱ्याला त्यांचा हात थांबला. ड्रिल खाली ठेवलं, खिशातली गोळी जिभेखाली धरली, डोळे मिटून बसले. कपाळावर घाम. मी पदराने वारा घालत होते आणि मनातल्या मनात स्वतःला नाही नाही ते बोलत होते.

त्यांनी डोळे उघडल्यावर मी म्हटलं, "मला शिकवा. उरलेले मी घालते."

"तुले धीर आहे का?"

"नाही. पण शिकवा."

त्यांनी मला थेट हेडला हात लावू दिला नाही. आधी सराव. बीड पाहिजे म्हणाले, तर मी माझा बिडाचा तवा आणून दिला, सासूबाईंच्या वेळचा. पाच दिवस मी त्या तव्याला भोकं पाडली, आटे पाडले, तांबं भरलं, चुकले, पुन्हा केलं. आमचे हे म्हणाले, "उद्यापासून चाळणीवर भाकरी का?" पण सहाव्या दिवशी माझ्यासाठी चष्म्याला लावायचं भिंग स्वतः बाजारातून घेऊन आले. वीस टाके मी घातले, आठ दिवसांत. रोज अडीच. मोहरी तडतडेपर्यंत न थांबणारी बाई एका भोकाला दीड तास द्यायला शिकली, आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. मिस्त्री खोक्यावर बसून पाहायचे. "हळू... हळू... आता पाव फेरा मागं... हं."

शेवटचा टाका घातल्यावर त्यांनी हेड उलटं करून आत रॉकेल भरलं आणि बाहेरून खडू लावला. तासभर आम्ही दोघं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहत बसलो. तो पांढराच राहिला. मिस्त्रींनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा असा, एकदा तसा.

"आता मी गेलो तरी चालते," ते म्हणाले. "तू बांधशीन. कोनता भाग कुठं जाते ते लुगड्यावर आहेच. मी परत नाही आलो तरी बांधशीन ना?"

कोणीही हो म्हटलं असतं. तेच ऐकून त्यांना शांतपणे जायचं होतं, आणि मला तो शांतपणा बिलकूल नको होता. उलट मला त्याचा भयंकर राग आला.

"नाही बांधणार," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही आलात तर बांधीन. समोर बसून सांगाल तसं बांधीन. नाही आलात तर एका नटाला हात लावणार नाही. असंच उघडं ठेवीन, पाऊस लागू दे, गंजू दे. मी मेल्यावरही उघडंच राहील."

त्यांचा चेहरा असा झाला की मी हेड पुन्हा फोडलं असतं तरी झाला नसता. "लय खराब बाई आहेस वं तू," ते म्हणाले. सायकल घेतली आणि मागे न पाहता निघाले. संध्याकाळी मुलीचा फोन आला, बाबा उद्या भरती होतात म्हणाले. तुम्ही काय सांगितलं त्यांना, असं विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, भांडले.

दवाखान्यात वेगळीच लढाई. ऑपरेशनच्या आधी दाढी काढावी लागते, तोंडातली श्वासाची नळी नीट बसली पाहिजे. मिस्त्रींनी चादर तोंडावर ओढून घेतली. परिचारिका समजावून थकली, मुलगी थकली. शेवटी मी गेले आणि त्यांना फक्त एवढंच म्हटलं की दाढी तुमची, पण उघडं इंजिन माझ्या अंगणात आहे, त्याची शपथ आता माझ्यावर. मी ते बांधेपर्यंत गोड खाणार नाही. त्यांनी चादर डोळ्यांखाली घेतली. "चहात साखर?"

"तीही नाही."

मग गाल पुढे केला. नेताना सर्जनला थांबवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोलनारा अन् बांधनारा एकच असू द्या. मदतनीसावर सोडून जाऊ नका." सर्जन तरुण होता. तो हसला नाही, "मीच बांधणार," म्हणाला.

पाच तास लागले. ते पाच तास कसे गेले ते मला लिहिता येत नाही. आमचे हे तीनदा बिनसाखरेचा चहा घेऊन आले आणि माझ्यासोबत तसलाच प्याले.

दोन महिन्यांनी, एका सकाळी मिस्त्री मुलीच्या मागे स्कूटरवर बसून आले. छातीशी छोटी उशी धरलेली. खोकला आला की ती दाबून धरायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाण्याच्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही. शपथ माझ्यावर गेली म्हणून गालावर खुंटही नव्हते, आणि इंजिन उघडं असताना आपण असे दिसतो याची त्यांना इतकी लाज वाटत होती की दुपट्टा तोंडाला गुंडाळूनच बसले. मी हात धुतले. अकरा दिवस ते खुर्चीवरून बोलत होते आणि मी बांधत होते. हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, एकेकाला थोडं थोडं पिळत. कुठं घाई केली तर ते उशीने खुर्चीच्या हातावर थाप मारायचे.

बाराव्या दिवशी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरली. शेडचं टिन थरथरलं. आमचे हे चक्क टाळ्या वाजवायला लागले, शेजारीपाजारी फाटकात जमले, मिस्त्रींची मुलगी पेढे वाटत सुटली. मी पेढा तोंडात टाकला आणि ढसाढसा रडले.

मिस्त्री मात्र मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी हाताने खूण केली, बंद कर.

"तिसरा पिस्टन बोलून राहिला," ते म्हणाले. "बारीक आहे, पन आहे. खोल."

मला तर काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. पण वाद घातला नाही. पाना घेतला, लुगडं अंथरलं आणि नट ढिले करायला घेतले. हेड एका दमात निघालं. ते उचलून मी लुगड्यावर ठेवलं, वर पाहते तर मिस्त्री स्कूटरकडे चाललेले.

"अहो, कुठं निघालात? हे उघडं आहे."

"नातीच्या शाळेत नाच आहे तिचा, चार दिवसांनी. उमरेडले जाऊन येतो." मुलीच्या मागे बसून त्यांनी उशी छातीशी धरली. "पडू दे उघडं. येतो ना मी."